देव आहे तर दुःख का, हा प्रश्न घरात उठला की काय करायचं

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये माझा भाचा डेंग्यूनं गेला. नऊ वर्षांचा होता, चौथीत. ताप आला सोमवारी आणि शुक्रवारी सगळं संपलं. तिसऱ्या दिवशी घरी बसायला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी अक्काचा हात हातात घेऊन सांगितलं, "मागच्या जन्माचं काहीतरी देणं असेल गं, फेडून गेला." वाईट हेतू अजिबात नव्हता, त्या स्वतः रडत होत्या. पण अक्कानं त्या दिवशी देवघराचं दार लावलं ते लावलंच, आणि रात्री मला बाजूला घेऊन म्हणाली, "तू एवढं वाचतीस, मग सांग मला, देव आहे का नाही, आणि असला तर माझंच पोरगं का नेलं, मी काय केलतं?"

मला तेव्हा काही सांगता आलं नाही. नंतर सांगितलं ते चुकीच्या वेळी सांगितलं, ते पुढं लिहिते. पण तेव्हापासून मी हा प्रश्न सोडलेला नाही, जमेल तसं वाचलं, मठात जाऊन विचारलं, शेजारच्या चाचांना विचारलं, बुद्धविहारात जाणाऱ्या मैत्रिणीला विचारलं, आणि आता रविवारी सकाळी सोलापुरात सिद्धेश्वर तलावाच्या काठाला आम्ही सात-आठ जण याच विषयावर बसतो. आमच्यात देव मानणारे आहेत, न मानणारे आहेत, मधले पण आहेत. मी मानते, हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढं वाचताना तुम्हाला कळेल मी कुठून बोलतेय.

हे लिहायचं कारण एकच, की हा प्रश्न घरात येतो तेव्हा आपण दोनच गोष्टी करतो, एक तर तोंडाला येईल ते उत्तर देतो नाहीतर "असं बोलू नये गं" म्हणून समोरच्याला गप्प करतो. तिसरं पण काहीतरी करता येतं.

तेरा दिवस: उत्तर द्यायचंच नाही

ज्या घरात माणूस गेलंय तिथं चूल पेटत नाही म्हणून शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणतात, ही आपली रीत फार शहाणी आहे. तुम्हाला काय बोलावं कळत नसेल तर डबा न्या. बसा. त्या घरात लहान मुलं असतील तर त्यांना तासभर बाहेर घेऊन जा. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत करावी लागते, दाखल्याच्या आठ-दहा प्रती काढून ठेवाव्या लागतात, शाळेला कळवायचं असतं, हॉस्पिटलची बिलं असतात, ही कामं कुणीतरी अंगावर घ्यायची असतात आणि आईबापाला त्यातलं काहीच सुचत नसतं.

त्या दिवसांत कुणी "देव का असं करतो" म्हणालं तर ते वाक्य रडण्याचाच भाग आहे असं धरा. त्याला ब्रह्मसूत्रासारख्या जुन्या वेदान्त-ग्रंथातलं उत्तर देऊ नका, विज्ञानातलं देऊ नका, आणि "देवाला पण चांगलीच माणसं लागतात" हे तर कृपा करून कुणालाच म्हणू नका. अक्का मला नंतर म्हणाली की हे वाक्य ऐकल्यावर तिला वाटलं, मग मी त्याला वाईट वळण लावायला पाहिजे होतं.

बुद्धाची एक शिकवण मला मैत्रिणीनं सांगितली ती इथं फार कामाची आहे. माणसाला एक बाण लागतो तो शरीराचा, आणि त्यावर तळमळून तो मनाला दुसरा बाण लावून घेतो. मी त्यात एवढंच जोडेन की भेटायला येणाऱ्यानं तो दुसरा बाण आणून देऊ नये. "तुझंच काहीतरी पाप असेल" हा दुसरा बाण आहे, मग तो किती का प्रेमानं मारलेला असेना.

मग "का" चे तुकडे करायचे

महिने जातात. चार, सहा, कधी वर्ष. मग तोच माणूस शांतपणे तोच प्रश्न पुन्हा विचारतो, आणि आता खरंच विचारतो. हे कसं ओळखायचं? माझा अनुभव असा की तेव्हा माणूस तुमच्या तोंडाकडे बघत थांबतो. तरी आधी विचारून घ्या, "तुला माझं मत पाहिजे का नुसतं ऐकायला कोणतरी पाहिजे?" आणि नुसतं ऐकायला पाहिजे असेल तर पुढचं सगळं बाजूला ठेवा.

आपल्या भाषेत "का" एवढाच शब्द आहे पण त्याच्या पोटात तीन प्रश्न आहेत. कशामुळे झालं? कशासाठी झालं? आणि मलाच का? बहुतेक भांडणं एकानं एक विचारलेलं असतं आणि दुसऱ्यानं दुसऱ्याचं उत्तर दिलेलं असतं म्हणून होतात. अक्का "मलाच का" विचारत होती, नातेवाईक बाईंनी "कशासाठी"चं उत्तर दिलं आणि मी, काही महिन्यांनी, "कशामुळे"चं. म्हणून वहीच्या एका पानावर हे तीन शब्द लिहा आणि समोरच्याचा प्रश्न यातला कोणता ते आधी बघा. वेळ लागतो याला पण हेच खरं काम आहे.

कशामुळे

याचं उत्तर बऱ्याचदा मिळतं. निदान अर्धं तरी.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी होते, आमच्या घरातली मांडणीवरची भांडी वाजली आणि बाबांनी आम्हाला झोपेतून उचलून अंगणात आणलं. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, लोक गणपती विसर्जन करून दमून झोपलेले. लातूर आणि धाराशिवकडची जवळपास दहा हजार माणसं गेली. माझी आजी त्यानंतर कितीतरी वर्षं म्हणायची, की बाप्पाला वाजतगाजत पोचवून आलेल्या माणसांना बाप्पानंच असं कसं केलं. पण ती घरं बघा. जाडजूड दगडांच्या भिंती, आत नुसता मातीचा गिलावा, वर मातीचं धाब्याचं जड छप्पर, आणि दगडाला दगड धरून ठेवणारं काहीच नाही. त्याच हादऱ्यात हलकी घरं, झोपड्या तगल्या. नंतर जी गावं नवीन वसवली ती भूकंपाचा विचार करून बांधली.

युरोपात हाच वाद दोनशे-अडीचशे वर्षं आधी झाला होता. १ नोव्हेंबर १७५५ ला लिस्बनला भूकंप झाला, तो त्यांचा संतांचा सण, लोक सकाळी चर्चमध्ये होते. फ्रेंच लेखक व्होल्तेरनं त्यावर कविता लिहून विचारलं की हे जग चांगलं आहे असं म्हणायला जीभ कशी वळते. त्यावर रूसो या दुसऱ्या विचारवंतानं १७५६ मध्ये त्याला पत्र लिहिलं, त्याचं म्हणणं असं की सहा-सहा, सात-सात मजल्यांची हजारो घरं एका जागी दाटीनं निसर्गानं तर बांधली नव्हती. मला दोघंही बरोबर वाटतात. जमीन हलली ते कुणाच्या हातात नव्हतं आणि भिंत पडली त्यात माणसाचा थोडा हात होता.

आपल्याच गावचे डॉक्टर कोटणीस घ्या. भैय्या चौकाजवळचं त्यांचं घर आता स्मारक आहे, मुलांना घेऊन जाऊन या. १९१० चा जन्म, १९३८ ला युद्धात होरपळणाऱ्या चीनमध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले, ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारले, वय अवघं बत्तीस आणि मुलगा काही महिन्यांचा. यात युद्ध माणसांनी केलं, ते दुःख माणसांचं. तिथं जायचं आणि राहायचं हे त्यांनी स्वतः निवडलं. आणि ते गेले फिट्सच्या आजारानं, तो कुणीच निवडला नव्हता. एका आयुष्यात तिन्ही धागे आहेत. मी रविवारी कुणी नवीन आलं की हेच उदाहरण देते आणि सांगते, तुमच्या दुःखाचे पण असे धागे वेगळे करून बघा, कोणता माणसाचा, कोणता निसर्गाचा, कोणता शरीराचा.

आता माझी चूक. भाच्याला जाऊन पाच महिने झाले होते, अक्कानं पुन्हा "का" विचारलं आणि मी तिला कशामुळे सांगत बसले. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत डास तयार होतो, आपल्याकडे पाणी रोज येत नाही म्हणून घरोघरी बॅरल भरून ठेवलेले असतात, झाकण नसलं की झालं. मला वाटलं मी तिला सोडवतेय, की बघ यात पाप-पुण्य काही नाही, साधा डास आहे. तिनं ऐकलं आणि उठून मोरीत गेली आणि बॅरलकडे बघत उभी राहिली. तिला ऐकू आलं ते असं की झाकण तू लावलं नाहीस.

तेव्हापासून मी पक्कं ठरवलंय. ज्याचं माणूस गेलंय त्याच्यासमोर "कशामुळे" उलगडायचं नाही, त्यानं स्वतः नीट विचारल्याशिवाय तर नाहीच, आणि विचारलं तरी पहिलं वाक्य हे, की जे तुला तेव्हा माहीत नव्हतं त्याचा दोष आता तुझ्यावर येत नाही. कारण सांगणं वेगळं आणि गुन्हेगार ठरवणं वेगळं, पण दुखावलेल्या माणसाला दोन्ही एकाच आवाजात ऐकू येतं. "कशामुळे"चं ज्ञान गल्लीतल्या बाकीच्यांसाठी वापरा. आमच्या गल्लीत आता शनिवारी सगळे बॅरल रिकामे करून घासून पालथे घालतात.

कशासाठी

इथं देव येतो, आणि इथंच सगळ्यात घाईनं बोललं जातं. लोकांच्या तोंडी तीन-चार उत्तरं असतात. "देवाची लीला" हे उत्तर मला उत्तर वाटत नाही, ते हात टेकणं आहे, आणि हात टेकायचे असतील तर सरळ "मला कळत नाही" म्हणावं. "देव परीक्षा बघतो" यात थोडं तथ्य आहे, दुःखातून माणूस घडतो हे खरंच दिसतं, पण नऊ वर्षांच्या पोराचा जीव त्याच्या आईच्या परीक्षेसाठी घेतला असं म्हणायचं असेल तर मला ते मान्य नाही, कारण मग ते पोरगं स्वतः कुणीच उरत नाही, नुसता प्रश्नपत्रिकेतला प्रश्न होतं.

कर्माचं उत्तर मात्र नीट समजून घ्या, कारण आपल्याकडे तेच चालतं आणि तेच सगळ्यात चुकीचं वापरलं जातं. हा आक्षेप जुन्या लोकांना माहीत होता. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात सरळ प्रश्न घेतलाय की देवानं जग केलं तर एक सुखी एक दुःखी असं का, मग देव पक्षपाती आणि निर्दय ठरतो की नाही. उत्तर असं दिलंय की देव ज्याच्या त्याच्या कर्माकडे बघून देतो. शंकराचार्य त्यावर पावसाचं उदाहरण देतात, पाऊस सगळीकडे सारखाच पडतो पण भात आणि जव वेगवेगळे उगवतात ते बियाण्यामुळे. आपल्याकडे ज्वारी म्हणा. मग पुढचं सूत्र विचारतं, सगळ्यात पहिल्यांदा कर्म कुठून आलं? तर संसार अनादि आहे, पहिल्यांदा असं काही नाहीच. हे ऐकायला तर्कशुद्ध आहे पण माझं समाधान होत नाही, प्रश्न मागं मागं ढकलत नेला की तो सुटला असं होत नाही, आणि जे मला आठवतच नाही त्याची शिक्षा मला काय शिकवणार? जैन तर यात देव आणतच नाहीत, कर्म हाच सूक्ष्म कण होऊन जिवाला चिकटतो म्हणतात, तिथं निदान "देवानं का केलं" हा प्रश्न तरी उरत नाही.

आणि बाबासाहेबांचा आक्षेप विसरू नका. मागच्या जन्मीचं कर्म म्हटलं की गरिबाच्या गरिबीची जबाबदारी समाजावरून उडून जाते, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि आपल्या जिल्ह्यात कुणाला कोणत्या विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं हे ज्याला माहीत आहे त्याला हा आक्षेप खोडता येणार नाही.

म्हणून कुठलंही उत्तर तोंडातून काढायच्या आधी मी त्याला तीन ठिकाणी घासून बघते. हे मी आईसमोर, त्या मुलाच्या आईसमोर, म्हणू शकते का? हे मानल्यावर माझे हात कामाला लागतात का बांधले जातात? आणि हेच उत्तर उद्या माझ्यावर वेळ आली तर मी स्वतःला देईन का? मागच्या जन्माचं देणं हे उत्तर दुसऱ्याबद्दल बोललं की तिन्हीकडे नापास होतं. तेच मी स्वतःपुरतं घेतलं, की आज मी जे करतेय त्याचं फळ कुठंतरी उगवणार आहे, तर तिन्हीकडे टिकतं. संचित, प्रारब्ध, क्रियमाण, म्हणजे साठलेलं, भोगायला लागलेलं आणि आता करतोय ते कर्म, हे आपण पाठ म्हणतो, भात्यातले बाण, सुटलेला बाण, हातातला बाण. दुसऱ्याच्या सुटलेल्या बाणांचा हिशोब करायचा अधिकार मला कुणी दिला?

मंगळवेढ्याला गेला असाल. सोलापूरहून तास-सव्वा तासाचा रस्ता. त्या एका गावात दोन गोष्टी घडल्यात आणि त्या शेजारी शेजारी ठेवून बघायला मला फार उशिरा सुचलं. एक दामाजीपंतांची. मोठ्या दुष्काळात त्यांनी बीदरच्या बादशहाची धान्याची कोठारं उपाशी लोकांना खुली केली, आणि कथा अशी की बादशहानं पकडायला माणसं पाठवली तेव्हा विठोबा विठू महार होऊन बीदरला गेला आणि धान्याचे पैसे भरून आला. दुसरी चोखोबांची. त्याच मंगळवेढ्यात गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळली आणि बाकीच्या मजुरांबरोबर चोखोबा खाली गेले, परंपरेनं साल १३३८ सांगतात. विठोबा तिथं भिंत धरायला आला नाही. आपल्या परंपरेनं हे लपवलेलं नाही, उलट सांगितलंय की नामदेव तिथं गेले, ढिगाऱ्यातली हाडं एकेक कानाला लावली आणि ज्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून पंढरपूरला आणली. समाधी महाद्वारात आहे.

एकीकडे देव आला, एकीकडे नाही आला. का? मला माहीत नाही. पण दोन्हीकडे एक माणूस आलेला आहे. दामाजीपंतांनी आधी कोठार उघडलं आणि नंतर विठोबाला यावं लागलं, आणि मंगळवेढ्याच्या ढिगाऱ्यात हात घालायला नामदेव पंढरपूरहून चालत आले. "कशासाठी"चं माझ्याकडे जे काही उत्तर आहे ते एवढंच आहे आणि ते अर्धवट आहे हे मी मान्य करते.

मग माझ्या हातात काय आहे

देव सगळं जाणतो, सगळं करतो, मग मी निवडलं असं कसं म्हणायचं? तत्त्वज्ञानात एक मोठं उत्तर असं आहे की देवानं माणसाला स्वातंत्र्य दिलं आणि वाईट करता येत नसेल तर ते स्वातंत्र्यच नाही, म्हणून माणसानं केलेलं दुःख देवाच्या माथी मारता येत नाही. युद्ध, दंगल, जातीचा छळ इथपर्यंत हे उत्तर मला पटतं. डेंग्यूच्या डासाला मात्र ते लागू होत नाही, डासानं काय निवडलं?

गीतेच्या अठराव्या अध्यायात एकसष्टावा श्लोक म्हणतो की ईश्वर सगळ्यांच्या हृदयात बसून यंत्रावर बसवल्यासारखं सगळ्यांना फिरवतो, आणि फक्त दोन श्लोक पुढं, त्रेसष्टाव्यात, कृष्ण अर्जुनाला म्हणतो, याचा पूर्ण विचार कर आणि तुला हवं तसं कर. मी किती वेळा हे दोन श्लोक समोरासमोर ठेवून वाचलेत. कुणीतरी शहाण्या माणसानं ते इतक्या जवळ ठेवलेत म्हणजे त्याला हा विरोध दिसत नव्हता असं नाही.

बाबा शहराच्या पूर्व भागात मागावर होते. चादरीवरचा मोर किंवा फूल जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी पाडणाऱ्या यंत्राच्या, कार्डावर आधीच ठरलेलं असतं, कार्डाला भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला नाही, विणणाऱ्याला त्यात काही करता येत नाही. पण धागा तुटतो. दिवसातून कितीदा तुटतो, आणि तेव्हा माग थांबवून गाठ मारायची का तसंच पुढं रेटायचं हे कार्डात नसतं. मी बाबांना फ्री विलबद्दल, म्हणजे माणसाला खरंच निवडता येतं का याबद्दल, विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "गाठ मारलेली चादर मी हातानं ओळखतो."

चाचांनी सांगितलेली गोष्ट पण ठेवून घ्या, कारण ती २०२१ मध्ये आमच्या मोहल्ल्यात लशीच्या वेळी खूप उपयोगी पडली. सातव्या शतकात खलिफा हजरत उमर शामकडे, म्हणजे आजच्या सीरियाकडे, निघाले होते, वाटेत कळलं तिकडं प्लेग आहे, ते परत फिरले. त्यांचे सेनापती अबू उबैदांनी विचारलं, अल्लाहच्या तकदीरीपासून पळताय? ते म्हणाले, हो, अल्लाहच्या एका तकदीरीकडून दुसऱ्या तकदीरीकडे चाललोय, आणि उदाहरण दिलं की उंट घेऊन खोऱ्यात उतरलास, एका बाजूला चारा आहे आणि दुसरी बाजू उजाड, तू कुठंही चारलास तरी ते अल्लाहच्या मर्जीनंच ना. "नशिबात असेल ते होईल" म्हणून लस न घेणाऱ्या दोघा-तिघांना चाचांनी हीच गोष्ट सांगून नेलं.

कॉलेजची मुलं म्हणतात सायन्सनं फ्री विल नाही हे सिद्ध केलंय, ते १९८३ च्या लिबेट नावाच्या मेंदूशास्त्रज्ञाच्या प्रयोगाबद्दल बोलत असतात. त्यात बोट हलवायच्या साधारण अर्धा सेकंद आधी मेंदूत हालचाल सुरू झालेली दिसली आणि माणसाला "आता हलवतो" असं जाणवलं ते बरंच नंतर. पण लिबेट स्वतःच म्हणत होता की शेवटच्या क्षणी ते थांबवायची मुभा उरते, आणि २०१२ पासून त्या आधीच्या हालचालीचा अर्थच वेगळा लावणारे शास्त्रज्ञ आहेत. बोट हलवणं आणि दारू सोडणं या एकाच मापाच्या गोष्टी नाहीत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

करायचं काय, तर रात्री झोपायच्या आधी पाच मिनिटं. आज दिवसभरात माझ्यावर काय येऊन पडलं, सवयीनं काय झालं, आणि मी थांबून काय निवडलं. तिसरा भाग पहिल्या आठवड्यात जवळजवळ रिकामा राहतो, घाबरू नका. माझा बरेच दिवस रिकामा होता, नंतर एक दिवस लिहिलं, "सासूबाईंना उलट बोलले नाही, बोलायचं होतं." तेवढं माझं होतं.

पोरं आत्म्याबद्दल विचारतात तेव्हा

दहाव्याला कावळा पिंडाला शिवत नव्हता आणि धाकट्या भाचीनं विचारलं, दादा कावळ्यात आहे का? सगळे गप्प. अशा वेळी मुलाला जे तुम्ही स्वतः मानत नाही ते सांगू नका, मुलांना कळतं.

मोठ्यांसाठी एवढं सांगते की आत्मा म्हणजे काय यावर आपल्याकडेच एकमत नाही. गीता म्हणते जुने कपडे टाकून नवे घालावे तसा तो देह बदलतो, कठोपनिषद म्हणतं शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि आत्मा आत बसलेला मालक. बौद्ध म्हणतात असा आत बसलेला कायमचा कुणी नाही, दिव्यानं दिवा लागतो तसा प्रवाह चालतो. चार्वाकांसाठी देह गेला की सगळं गेलं. मला सगळ्यात जवळच्या सोयराबाई वाटतात, चोखोबांच्या बायको, त्यांनी विचारलं की विटाळ तर देहातच जन्मतो आणि आत्मा निर्मळ, मग सोवळा कोण आणि ओवळा कोण. आत्म्याचा विचार त्यांनी मेल्यानंतरच्या हिशोबासाठी केलाच नाही, जिवंतपणी अंगावर टाकलेला अपमान झटकायला केला.

भाचीला मी म्हणाले, "मला वाटतं तो आहे, कुठं आहे ते मला माहीत नाही, तुझ्या आईला वेगळं वाटत असेल तर ते पण चालतं." ती म्हणाली, "मग त्याची सायकल मी चालवू का?" दिली.

मलाच का

याला उत्तर नसतं, याला जागा लागते. देवावर रागावायला आपल्याकडे मनाई आहे असं कुणी सांगितलं तर चोखोबांच्या मुलाचे, कर्ममेळ्याचे, अभंग काढा, तो विठ्ठलालाच विचारतो की आमची जात हीन केलीस हे तुला कळत कसं नाही. तुकोबांची पहिली बायको दुष्काळात अन्न अन्न करत गेली हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, गोड करून नाही लिहिलं. हे लोक देवाशी भांडले आणि तरी संतच राहिले.

म्हणून घरात कुणी देवाला शिव्या देत असेल तर देऊ द्या. पूजा बंद केली असेल तर तुम्ही त्यांच्या वाटची करू नका आणि परत सुरू करा म्हणून मागं लागू नका. देवाला पत्र लिहायला सांगा, खरं खरं, कुणी वाचणार नाही असं. अक्कानं चार पानं लिहिली, काय लिहिलं ते मी विचारलं नाही, तिनं ती देवघरात आत ठेवून दार परत लावलं. आणि हे सगळं करूनसुद्धा माणूस महिनोन्‌महिने झोपत नसेल, खात नसेल, जगून काय करू म्हणत असेल तर ते तत्त्वज्ञानाचं काम उरत नाही, मनाच्या डॉक्टरकडे न्या आणि स्वतः बरोबर जा.

अक्का सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला येते अजून. संक्रांतीच्या वेळी संमती कट्ट्यावर अक्षता असतात, नंदीध्वज येतात, बाराबंदी घातलेल्या माणसांनी सगळा रस्ता पांढरा होतो, तिथं ती माझ्याशेजारी मुठीत अक्षता घेऊन उभी असते. एखाद्या वर्षी टाकते. एखाद्या वर्षी तशाच पदराच्या टोकाला बांधून घरी आणते आणि गच्चीवर चिमण्यांना घालते, आणि मी यंदा काय केलंस म्हणून विचारत नाही.